डावीकडे वळणाऱ्या गाड्या आणि आपलं भाकीत

नॅसकारची शर्यत कोण जिंकणार हे आकडेमोड करून सांगता येतं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जाऊ शकतात. कोण जिंकणार हे सांगता येत नाही. कोणाची जिंकायची शक्यता किती, हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. या दोन वाक्यांत काय एवढा फरक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याच खिशातून फँटसीचा अख्खा धंदा चालतो. आजचा लेख त्यांच्यासाठी.

आधी थोडी ओळख. अमेरिकेत फॉर्म्युला वनपेक्षा वेगळं असं एक मोटार शर्यतींचं जग आहे, त्याचं नाव स्टॉक कार रेसिंग. 'स्टॉक' म्हणजे दुकानात विकायला ठेवलेली गाडी, तीच घेऊन पळवायची, अशी मूळ कल्पना. 1948 साली बिल फ्रान्स (थोरले) यांनी फ्लोरिडातल्या डेटोना बीचला नॅसकार ही संस्था उभी केली. आजच्या गाड्यांत दुकानातलं काही उरलेलं नाही. बाहेरून शेव्हरले, फोर्ड, टोयोटासारखं दिसणारं कवच, आत शुद्ध शर्यतीचं यंत्र. बहुतेक ट्रॅक अंडाकृती, त्यामुळे गाड्या तासन् तास फक्त डावीकडे वळत राहतात.

बहुतेक मोठ्या टीम्सची गॅरेजेस शार्लट आणि आसपासच्या गावांत आहेत. बँकांच्या आयटीत काम करणारी आपली मराठी मंडळी याच शहरात भरपूर आहेत. त्यातल्या बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "घाण्याच्या बैलासारख्या गोल गोल फिरतात, त्यात बघायचं काय?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच की बघायचं नसेल तर मोजा. मोजायला यासारखा खेळ नाही.

वर्षाला 36 शर्यती. प्रत्येकीत साधारण 36 ते 40 गाड्या. कोण कितव्या जागेवरून सुटला, कितवा आला, किती लॅप आघाडीवर होता, सगळं जाहीर. 2005 पासून तर ट्रॅकमध्ये पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवरून प्रत्येक गाडीची नोंद होते. त्याला लूप डेटा म्हणतात. शर्यतभर सरासरी कितव्या जागेवर होता, हिरव्या झेंड्याखाली कितींना मागे टाकलं, किती लॅप पहिल्या पंधरांत काढले, हे सगळं त्यात येतं. त्यावरून 150 पैकी एक ड्रायव्हर रेटिंगही निघतं. डेटा बघून ज्याची बोटं शिवशिवतात त्याला आणखी काय पाहिजे!

आता मुद्दा.

रिचर्ड पेटीला नॅसकारमध्ये 'किंग' म्हणतात. त्याने 200 शर्यती जिंकल्या. तो आकडा कुणी मोडेल असं आज तरी दिसत नाही. पण त्या 200 शर्यती 1184 पैकी आहेत. म्हणजे साधारण 17 टक्के. किंगसुद्धा सहापैकी पाच वेळा हरला. जेफ गॉर्डन 805 पैकी 93 वेळा जिंकला, साडेअकरा टक्के. गॉर्डनच्या अख्ख्या कारकिर्दीत दर रविवारी डोळे मिटून 'आज गॉर्डन' असं म्हणणारा माणूस नऊपैकी आठ वेळा तोंडावर पडला असता, आणि तरीही तो बाकीच्या भविष्यवेत्त्यांपेक्षा सरस ठरला असता.

क्रिकेटची सवय असलेल्या आपल्याला हे पचायला जड जातं. भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. इथे डोळे झाकून नाव काढलं तर चाळीसात एकदा. चांगल्या मॉडेलने एखाद्याला 20 टक्के दिले तर ते फार धाडसाचं विधान असतं. ऐकणाऱ्याला मात्र ते मिळमिळीत वाटतं. "म्हणजे जिंकणार की नाही ते सांग ना!" इथेच सगळी गोची आहे.

आता फँटसी खेळणारा माणूस साधारण काय करतो ते बघू. तो ड्रायव्हरच्या मागच्या दहा शर्यती काढतो आणि सरासरी घेतो. एक उदाहरण मी बनवलंय. पहिला ड्रायव्हर : 12, 14, 13, 12, 13, 14, 12, 13, 13, 13. दुसरा : 2, 3, 1, 4, 2, 38, 36, 5, 35, 3. दोघांची बेरीज 129. दोघांची सरासरी 12.9. एक्सेलला विचाराल तर दोघं जुळे भाऊ.

पण दुसऱ्याची कहाणी उघड दिसते. गाडी झकास पळते, तीनदा अपघातात किंवा इंजिनाच्या बिघाडात गेली. त्याचा मध्यक साडेतीन आहे, पहिल्याचा तेरा. सरासरी तेरावा येणारा हा गडी तेराव्या नंबरावर आयुष्यात एकदाही आलेला नाही. नदीची सरासरी खोली बघून पाण्यात उतरू नये म्हणतात, ते याचसाठी.

म्हणून पहिली पायरी अशी : एका प्रश्नाचे दोन प्रश्न करा. शेवटपर्यंत गाडी शाबूत राहायची शक्यता किती? आणि राहिली तर ती कुठे येईल? या दोन गोष्टींची कारणं वेगळी, म्हणून हिशोबही वेगळा. संख्याशास्त्रवाल्यांनी याचा विचार खूप आधी केलाय. ग्रेव्हज, रीस आणि फिट्झजेराल्ड या तिघांचा नॅसकारच्या निकालांवरचा निबंध 2003 साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला होता. त्यातली मला आवडलेली कल्पना म्हणजे निकाल शेवटून वाचायचा. आधी कोण जिंकला ते न विचारता, आधी कोण गळलं, मग कोण, मग कोण. शेवटी जो उरला तो विजेता. शर्यत प्रत्यक्षात घडतेही तशीच की. गळती होत होत.

दुसरी पायरी ट्रॅकची. ब्रिस्टल आणि मार्टिन्सव्हिल हे जेमतेम अर्ध्या मैलाचे. पैकी मार्टिन्सव्हिल सपाट, पेपरक्लिपच्या आकाराचा, ब्रेक सांभाळणाऱ्याचा. (तिथे जिंकणाऱ्याला कपाऐवजी उंच उभं लंबकाचं घड्याळ देतात. शर्यतीत सेकंद वाचवून घरी घड्याळ न्यायचं!) वॉटकिन्स ग्लेनला डावी-उजवी दोन्ही वळणं. डेटोना अडीच मैलांचा, वळणांना 31 अंशांचा उतार. टॅलाडेगा 2.66 मैल, 33 अंश. या सगळ्यांची मिळून एक सरासरी काढणं म्हणजे बॅट्समनचे कसोटी, ट्वेंटी-ट्वेंटी आणि गल्ली क्रिकेटचे रन एकत्र मोजणं.

डेटोना आणि टॅलाडेगाचं प्रकरण तर वेगळंच. 1987 साली टॅलाडेगाला बॉबी ॲलिसनची गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. त्यानंतर 1988 पासून या दोन ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवाच कमी करायची असं ठरलं. वेग आटोक्यात आला, पण सगळ्यांची ताकद सारखी झाल्यामुळे गाड्या घोळका करून पळू लागल्या. पाच इंचांवर पुढची गाडी, पाच इंचांवर मागची. एकाचा हात जरा हलला की वीस गाड्यांचा चुराडा. त्याला तिथे 'द बिग वन' म्हणतात, आणि लोक त्याची वाटही बघतात.

अशा ठिकाणी कौशल्य संपत नाही, पण त्याची किंमत उतरते. पुरावा बघा. रस्टी वॉलेसने 55 शर्यती जिंकल्या, टोनी स्टुअर्टने 49, मार्क मार्टिनने 40. तिघांपैकी एकालाही डेटोना 500 कधी मिळाली नाही. उलट 2011 साली ट्रेव्हर बेन ही शर्यत जिंकला. त्याची कप मालिकेतली ती दुसरीच शर्यत, आणि आदल्याच दिवशी त्याला विसावं वर्ष पूर्ण झालं होतं. 2021 साली मायकल मॅकडॉवेल जिंकला, तो 358व्या शर्यतीत, आणि ती त्याची पहिली जीत. एकाला दुसऱ्याच खेपेला, दुसऱ्याला तीनशे अठ्ठावन्नाव्या. यातून ड्रायव्हरबद्दल थोडंच कळतं, डेटोनाबद्दल पुष्कळ.

आणि डेल अर्नहार्ट. डेटोनाच्या ट्रॅकवर सगळ्या प्रकारच्या शर्यती धरून 34 विजय. पण मुख्य डेटोना 500 त्याला 19 वर्षं हुलकावणी देत राहिली. 1990 साली 200 पैकी 155 लॅप तो आघाडीवर होता. शेवटच्या लॅपला, तिसऱ्या वळणावर टायर फाटला आणि डेरिक कोप पुढे निघून गेला. कोपने त्याआधी कपची एकही शर्यत जिंकलेली नव्हती. त्या काळात फक्त डेटोना 500 चे निकाल बघून कुणी मॉडेल बनवलं असतं तर ते म्हणालं असतं, हा माणूस इथे जिंकूच शकत नाही : 19 पैकी शून्य! 1998 साली, विसाव्या प्रयत्नात तो जिंकला. शून्य हा आकडा फार बोलका वाटतो, पण 19 नोंदींतला शून्य आणि 1900 नोंदींतला शून्य एकाच आवाजात बोलत नाहीत.

"मग जुना डेटा भरपूर घ्या की!" असं तुम्ही म्हणाल. तिथे तिसरी अडचण. 2022 साली नॅसकारने गाडीच बदलली. नवी चाकं, त्यांना पाचाऐवजी एकच नट, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, नवा गिअरबॉक्स, आणि बहुतेक सुटे भाग सगळ्या टीम्सनी ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचे. श्रीमंत टीम आपल्या कारखान्यात जी कमाई करायची तिला कात्री लागली. त्या वर्षी 36 शर्यतींत 19 वेगवेगळे विजेते झाले. त्याच्या दोनच वर्षं आधी, 2020 मध्ये, एकट्या केविन हार्विकने 9 जिंकल्या होत्या आणि डेनी हॅमलिनने 7. म्हणजे 2021 पर्यंतच्या डेटावर पोसलेलं मॉडेल 2022 मध्ये दुसऱ्याच खेळाचं भविष्य सांगत होतं. ज्यांनी कधी जुन्या सिस्टिमचे लॉग घेऊन नव्या सिस्टिमचं कपॅसिटी प्लॅनिंग केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

थोडक्यात काय, डेटा भरपूर दिसतो, पण कामाचा डेटा कमी. विशिष्ट गाडी, विशिष्ट टीम, विशिष्ट प्रकारचा ट्रॅक, असं गाळत गेलं की हातात सहा-सात ओळी उरतात. अशा वेळी शहाणं मॉडेल काय करतं? त्या सहा ओळींवर पूर्ण विश्वास टाकत नाही, ड्रायव्हरच्या एकूण कामगिरीकडे निकाल थोडा ओढून घेतं, आणि वर 'मला नक्की माहीत नाही' हे आकड्यात सांगतं. वेडं मॉडेल म्हणतं, "या ट्रॅकवर गेल्या तीनही वेळा पहिल्या पाचात, लावा पैसे!"

इथपर्यंत संख्याशास्त्र झालं. आता फँटसी.

ड्राफ्टकिंग्जवर खेळायची पद्धत अशी : पन्नास हजार काल्पनिक डॉलरांत सहा ड्रायव्हर घ्यायचे. चांगला ड्रायव्हर महाग. निकालाच्या जागेचे गुण मिळतात, आघाडीवर काढलेल्या प्रत्येक लॅपला पाव गुण, आणि सुरुवातीच्या जागेपेक्षा जितक्या जागा वर आलात तितके गुण अधिक, जितक्या खाली गेलात तितके वजा.

हे नियम नीट वाचले तर लक्षात येतं की इथे 'कोण जिंकणार' हा प्रश्नच नाहीये. ब्रिस्टलला 500 लॅप, म्हणजे आघाडीच्या गुणांची एकूण थैली 125 ची. डेटोनाला 200 लॅप, थैली 50 ची, आणि ती वीस-पंचवीस जणांत वाटली जाते. म्हणून ब्रिस्टलला असा एक घ्यावा लागतो जो तासभर पुढे राहील. डेटोनाला मात्र दुसऱ्या जागेवरून सुटलेला तगडा ड्रायव्हर बिग वनमध्ये सापडून 36वा आला की वजा 34. आणि 36व्या जागेवरून सुटलेली रखडगाडी त्याच अपघातात जाऊन 36वीच आली तर नुकसान शून्य, वाचली आणि पंधरावी आली तर अधिक 21. म्हणून डेटोनाच्या आठवड्यात मुरलेले खेळाडू यादीच्या तळापासून माणसं उचलतात. शर्यतीचा चाहता हे बघून कपाळाला हात लावतो. पण नियम तसे आहेत, आणि आकडे नियमांचे चाकर.

आणखी एक गंमत. समजा डेटोनाला प्रत्येक ड्रायव्हर शाबूत राहायची शक्यता 70 टक्के धरली, तर सहाच्या सहा शाबूत राहायची शक्यता 12 टक्क्यांच्या आसपास येते. पण हा गुणाकार खरा असतो फक्त जेव्हा सहा घटना एकमेकींशी संबंध नसलेल्या असतात. घोळक्यात तसं कुठे असतं? एकाच टीमचे दोघं एकमेकांना ढकलत मागे-पुढे पळतात आणि बरोबरच भिंतीत जातात. बुडाले तर सगळे, तरले तर सगळे. मोठ्या स्पर्धेत, जिथे बक्षीस फक्त वरच्या काही जणांना, तिथे हे मुद्दाम हवं असतं. मित्रांच्या दहा जणांच्या लीगमध्ये ते टाळायचं असतं. म्हणजे 'चांगली टीम' कोणती हे शर्यतीवर कमी आणि तुम्ही कुणाविरुद्ध खेळताय यावर जास्त अवलंबून.

आता माझा खरा आक्षेप.

हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपल्याकडे कोर्टात भरपूर काथ्याकूट झाला. ड्रीम11च्या प्रकरणात 2017 साली पंजाब-हरियाणा हायकोर्टाने आणि 2019 साली मुंबई हायकोर्टाने तो कौशल्याचा मानला. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी घातली, कौशल्याचे असोत नाहीतर नशिबाचे, आणि ड्रीम11ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. अमेरिकेत हा धंदा बहुतेक राज्यांत राजरोस चालू आहे.

माझ्या मते 'कौशल्य की नशीब' हा प्रश्नच अर्धवट आहे. विचारायला हवं : किती वेळा खेळल्यावर? एका शर्यतीत नशिबाचा धुरळा इतका असतो की त्यात कौशल्य दिसत नाही. 36 शर्यतींची सरासरी घेतली की धुरळा 36 च्या वर्गमूळाने, म्हणजे सहापटीने, खाली बसतो आणि कौशल्य दिसू लागतं. तोच खेळ, तेच नियम. एका रविवारी खेळणारा जुगार खेळत असतो. त्याच्याविरुद्ध वर्षभर, प्रत्येक शर्यतीत, स्वतःचं सिम्युलेशन चालवून एकाच स्पर्धेत दीडशे टीम्स उतरवणारा माणूस व्यवसाय करत असतो. (हो, मोठ्या स्पर्धांत एका माणसाला 150 टीम्स लावता येतात.) दोघं एकाच टेबलावर बसलेत, आणि जाहिरात फक्त पहिल्यासाठी केलेली असते : "तुम्हाला खेळातलं कळतं ना? मग कमवा!"

आणि बँकर तर दोघांकडूनही घेतो. समजा शंभर जणांनी दहा-दहा डॉलर भरले आणि साइटने दहा टक्के कापून नऊशे वाटले. तर सरासरी खेळाडू दर खेळीला एक डॉलर हरतो. नुसतं बरोबरीत सुटायचं तरी सरासरीपेक्षा 11 टक्के सरस असावं लागतं. सगळेच्या सगळे स्वतःला सरासरीपेक्षा सरस समजतात, पण तसे सगळे असू शकत नाहीत, हे सांगायला मॉडेल लागत नाही. त्यात पुन्हा ज्या दिवशी तुक्का लागतो त्या दिवशी आपण त्याला 'ॲनालिसिस' म्हणतो आणि हरतो त्या दिवशी 'बॅड लक'.

म्हणूनच निकालावरून भाकीत जोखायची सवय सोडली पाहिजे. फिनिक्सला 2 नोव्हेंबर 2025 ला झालेली त्या हंगामाची शेवटची शर्यत घ्या. चौघांत जो पुढे येईल तो चॅम्पियन. तोपर्यंत 60 शर्यती जिंकलेला आणि एकदाही चॅम्पियन न झालेला डेनी हॅमलिन 319 पैकी 208 लॅप आघाडीवर होता. ठरलेल्या अंतरातले शेवटचे तीन लॅप उरलेले असताना विल्यम बायरनचा टायर गेला, पिवळा झेंडा आला, सगळे पिटमध्ये. हॅमलिनने चार टायर बदलले, काइल लार्सनने दोनच, आणि तो पुढे निघाला. शर्यत जिंकला रायन ब्लेनी. लार्सन तिसरा, हॅमलिन सहावा. चॅम्पियन लार्सन, आणि त्या दिवशी तो एकही लॅप आघाडीवर नव्हता.

सोमवारी सकाळी 'मी लार्सन म्हटलं होतं' म्हणणारे शहाणे ठरले आणि 'हॅमलिन' म्हणणारे वेडे. माझ्या हिशोबात उलट आहे, निदान त्या एका दिवसापुरतं तरी. ज्याने शर्यतीआधी हॅमलिनला थोडं झुकतं माप दिलं त्याचं वाचन बरोबर होतं, जग जरा वेगळं वागलं. आता यावर 'मग प्रत्येक हरलेला हेच म्हणेल' असा आक्षेप येणार, आणि तो योग्यच आहे. त्याला उत्तर एकच : एका भाकितावर काहीच ठरवू नका, शंभरांवर ठरवा.

त्यासाठी एक जुनं, फुकट हत्यार आहे. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने 1950 साली ते दिलं. शर्यतीआधी शक्यता लिहून ठेवायची. घडलं तर 1, नाही घडलं तर 0, त्यातून आपला आकडा वजा करायचा आणि वर्ग करायचा. 20 टक्के म्हणालात आणि तो हरला, तर 0.04 दंड. जिंकला, तर 0.64. वर्षभर बेरीज करा. ज्याचा दंड कमी तो शहाणा. यात 'शंभर टक्के हाच' म्हणणाऱ्याला एका चुकीत पूर्ण 1 दंड बसतो, त्यामुळे फुशारकी आपोआप महाग होते. पावसाच्या अंदाजाची चेष्टा करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या अंदाजांचा असा हिशोब ठेवलाय? प्रोजेक्ट कधी संपणार याचे अंदाज धरले तरी चालतील.

शेवटचा मुद्दा थोडा वेगळा आहे, पण तो सांगितल्याशिवाय हा लेख मला पुरा वाटणार नाही.

2020 ची डेटोना 500. पावसामुळे ती रविवारवरून सोमवारवर गेली. शेवटच्या लॅपला रायन न्यूमन आघाडीवर. हा माणूस परड्यू विद्यापीठाचा इंजिनिअर, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. समोर शेवटची रेष दिसत असताना मागून धक्का बसला, गाडी भिंतीवर आदळली, उलटली, आणि उलटी असतानाच दुसरी गाडी ड्रायव्हरच्या बाजूने त्यात घुसली. बाजूला पडदे धरून त्याला बाहेर काढलं. तो आहे की गेला हे बराच वेळ कुणाला कळेना. हा तोच ट्रॅक, जिथे 2001 साली शेवटच्याच लॅपला डेल अर्नहार्ट गेला होता. न्यूमन वाचला. बुधवारी दोन्ही मुलींचे हात धरून हॉस्पिटलमधून चालत बाहेर आला.

आता डेटा उघडा. त्या शर्यतीच्या निकालात न्यूमनची ओळ आहे : नववा. पहिल्या दहांत, फँटसीवाल्याला गुण झकास. अर्नहार्टच्या 2001 च्या ओळीत लिहिलंय : बारावा. सरासरी काढणारा प्रोग्रॅम दोन्ही ओळी वाचतो आणि 'चांगली कामगिरी' म्हणून पुढे जातो. तो चुकत नाही. त्या रकान्यात तेवढंच लिहिलेलं आहे.

पण न्यूमन वाचला तेही मोजणाऱ्यांमुळेच. अर्नहार्टनंतर नॅसकारने मान जखडून ठेवणारं साधन 2001 मध्येच सक्तीचं केलं. काँक्रीटच्या भिंतींपुढे धक्का शोषणाऱ्या भिंती आल्या, आणि प्रत्येक मोठ्या अपघाताचा अभ्यास सुरू झाला. त्यानंतर कप मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. तेच आकडे, तीच सांख्यिकी. फक्त विचारलेला प्रश्न वेगळा होता. 'याच्यावर किती लावू?' असं न विचारता कुणीतरी 'हा कसा वाचेल?' असं विचारलं.

तर मंडळी, नॅसकारचं मॉडेल जरूर बनवा. पायथॉन शिकायला यापेक्षा चांगला वीकेंड प्रोजेक्ट मला माहीत नाही : डेटा स्वच्छ, आठवड्याला एक परीक्षा, आणि परीक्षक निर्दय. मित्रांची लीग करा, हरणाऱ्याने वडापाव द्यायचा. शक्यता आधी लिहा, दंड नंतर मोजा, हंगाम संपल्यावर वही उघडून बघा. 'मला वाटलंच होतं' हे वाक्य वर्षभरात किती वेळा खोटं होतं ते कळेल, आणि ते ज्ञान शेअर बाजारापासून प्रोजेक्ट प्लॅनपर्यंत कुठेही कामाला येईल.

पैसे मात्र लावू नका. लावलेच, तर ती करमणुकीची फी समजा, सिनेमाच्या तिकिटासारखी. तिकीट काढून आपण थिएटरचे मालक होत नाही.

असो. डेटोनाला कोण जिंकणार असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे : मला आवडणाऱ्या ड्रायव्हरला सहा टक्के. त्यावर समोरचा हसतो. हसू दे. सहा टक्के खूप असतात.